उंच गाडी, आखूड शॉक : शॉक ॲब्सॉर्बर बदलताना काय पाहावे?

नवीन पनवेल, प्रतिनिधी

नवीन पनवेलमधून नेऱ्याकडे जाणारा माथेरान रस्ता, पुढे मालडुंगे-धोदाणीच्या दिशेने लागणारी चढण, शेडुंगमार्गे प्रबळगडाच्या पायथ्याशी जाणारी ठाकूरवाडीची वाट आणि पावसाळ्यात खड्ड्यांनी चाळण होणारे महामार्ग. या परिसरात चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी बाळगणाऱ्यांची संख्या वाढली आहे. थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी किंवा त्याहून जुनी जीप हौसेने घेतली जाते आणि वर्ष-दोन वर्षांत ती दोन-तीन इंच उंच करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. उंची वाढवण्याचे काम गॅरेजमध्ये एका दिवसात उरकते. मात्र त्यानंतर काही महिन्यांत गाडी आदळू लागते, वळणावर झुकू लागते, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागते. नवे शॉक कोणते घ्यावेत, हा प्रश्न बहुधा तेव्हा पडतो. खरे तर तो उंची वाढवण्यापूर्वीच पडायला हवा.

प्रश्न केवळ आरामाचा नाही. आठवड्याच्या शेवटी डोंगरवाटांवर जाणारी हीच गाडी इतर दिवशी कुटुंबाला घेऊन द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत धावत असते. चिखलात दहा किलोमीटर वेगाने चालणारी गाडी आणि महामार्गावर अचानक मार्गिका बदलावी लागणारी गाडी एकच असते. शॉकची निवड या दोन्ही प्रसंगांसाठी करावी लागते.

शॉकचे नेमके काम

गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. वजन पेलण्याचे काम स्प्रिंग करते. मग ती गुंडाळीची असो, पाट्यांची असो किंवा पिळल्या जाणाऱ्या टॉर्शन बारची असो. खड्ड्यावरून जाताना स्प्रिंग दबते आणि साठवलेली ऊर्जा परत देत उसळते. ही उसळी वेळेवर थांबवली नाही, तर गाडी होडीसारखी डोलत राहील आणि चाक रस्त्यावरून वारंवार सुटेल. शॉकमधील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. या क्रियेला अवमंदन म्हणतात. चाक रस्त्याला चिकटून राहणे, ब्रेक लागणे आणि स्टिअरिंगने दिशा बदलणे हे तिन्ही त्यावर अवलंबून असते.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. 'उंची वाढवणारे शॉक' असे म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात गाडी उंच करत नाही. उंची स्प्रिंग किंवा स्पेसरमुळे वाढते. अपवाद अल्प आहे. उच्च दाबाचा वायू भरलेल्या शॉकमध्ये तो दाब दांड्याला बाहेर ढकलतो. चौदा मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर २० ते २५ बार दाबामुळे साधारण ३० ते ४० किलो इतका जोर येतो. त्याने गाडी किंचित वर येऊ शकते, पण ती इंचांची उंची नव्हे.

आधी पाहा, गाडी उंच कशी केली?

नवा शॉक निवडण्यापूर्वी उंची कोणत्या पद्धतीने वाढवली, हे माहीत असणे आवश्यक आहे. कारण प्रत्येक पद्धतीत शॉकची गरज वेगळी असते.

पहिली पद्धत 'बॉडी लिफ्ट'ची. यात चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केवळ बॉडी वर उचलली जाते. चॅसी आणि ॲक्सल यांच्यातील अंतर बदलत नसल्याने येथे लांब शॉकची गरज नसते. मूळ लांबीचेच, पण चांगल्या प्रतीचे शॉक पुरतात.

दुसरी पद्धत स्प्रिंग बदलण्याची किंवा स्प्रिंगवर स्पेसर ठेवण्याची. यात चॅसी ॲक्सलपासून दूर जाते. शॉकची दोन टोके चॅसीला व ॲक्सलला जोडलेली असल्याने स्थिर अवस्थेतच शॉक अधिक ताणलेला राहतो. येथे लांबीचा विचार टाळता येत नाही.

तिसरी पद्धत पाट्यांच्या गाड्यांची. जुनी जीप व जिप्सी यांत जास्त कमान असलेले पाटे घालतात किंवा लांब शॅकल लावतात. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केल्यास पाट्याचे एकच टोक खाली जाते. त्यामुळे मध्यावर असलेल्या ॲक्सलपाशी वाढ सुमारे २५ मिलिमीटर मिळते. शॉकचे गणित करताना हा निम्मा आकडा धरावा लागतो.

चौथी पद्धत टॉर्शन बारचा बोल्ट आवळण्याची. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढे स्वतंत्र निलंबन व टॉर्शन बार होते. बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो आणि खर्च जवळजवळ शून्य असतो. पण चाकाच्या एकूण हालचालीत भर पडत नाही. खाली जाण्याची शिल्लक मात्र कमी होते. त्यामुळे अशी गाडी छोट्या खड्ड्यातही 'टक्' असा आवाज करत आपटते.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मागे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत सर्वांत खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंगने गाडी कितीही उचलली, तरी हा गोळा जागचा हलत नाही, कारण तो चाकांच्या अक्षावर असतो. तो फक्त मोठ्या व्यासाच्या टायरमुळे वर येतो. स्प्रिंगच्या उंचीने बॉडी व चॅसी दगडापासून दूर जातात, चढणीला भिडण्याचे कोन सुधारतात; मधल्या गोळ्याखालील जागा तेवढीच राहते. दुसऱ्या पिढीच्या थारला कंपनीकडूनच २२६ मिलिमीटर आणि जिम्नीला २१० मिलिमीटर जमिनीपासूनचे अंतर मिळते. परिसरातील बहुतेक कच्च्या वाटांसाठी तेवढे पुरेसे आहे. उंची न वाढवता केवळ उत्तम शॉक बसवल्यानेही अनेकांची गरज भागू शकते.

लांबीचे गणित

शॉक निवडताना तीन आकडे पाहावे लागतात : पूर्ण दबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि या दोहोंतील फरक, म्हणजे स्ट्रोक. हे मोजमाप वरच्या व खालच्या बोल्टच्या मध्यबिंदूंमध्ये घेतले जाते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एखाद्या गाडीचा मूळ शॉक दबल्यावर ३३० आणि ताणल्यावर ५३० मिलिमीटर आहे. स्ट्रोक २०० मिलिमीटर. गाडी सपाट जागी उभी असताना बोल्टमधील अंतर ४५० आहे. म्हणजे चाक खाली लोंबकळण्यासाठी ८० मिलिमीटर शिल्लक आहेत. वर येताना रबरी बम्प स्टॉप पूर्ण दबतो तेव्हा बोल्टमधील अंतर ३४० होते. शॉक ३३० पर्यंत दबू शकत असल्याने तो आतून आपटण्याआधी बम्प स्टॉप भार घेतो. कंपनीने ठेवलेली ही १० मिलिमीटरची सुरक्षित फट आहे.

आता गाडी ५० मिलिमीटरने उंच केली. स्थिर अंतर ५०० झाले. जुना शॉक ५३० पर्यंतच ताणला जात असल्याने चाकाला खाली जाण्यासाठी फक्त ३० मिलिमीटर उरले. साधा गतिरोधक ओलांडतानाही शॉकचा दट्ट्या वरच्या टोकाला आपटणार, सील फाटणार, तेल गळणार. तिरक्या वाटेवर चाक हवेत उचलले जाणार, ते वेगळेच. उंची वाढवल्यावर गाडीची खडतर वाटेवरील क्षमता घटते ती अशी.

मग नवा शॉक ५८० पर्यंत ताणला जाणारा हवा, जेणेकरून पूर्वीचे ८० मिलिमीटर परत मिळतील. पण लांब शॉक दबल्यावरही लांबच असतो. दट्ट्याची जाडी, सील, टोकाच्या कड्या यांसाठी काही लांबी अडून राहते. या उदाहरणात ती १३० मिलिमीटर आहे. त्याच घडणीचा, ५८० पर्यंत ताणला जाणारा शॉक घेतल्यास त्याचा स्ट्रोक २२५ आणि दबलेली लांबी ३५५ होते. बम्प स्टॉप मात्र ३४० पर्यंत दबू देतो. म्हणजे मोठ्या खड्ड्यात बम्प स्टॉपने भार घेण्याच्या १५ मिलिमीटर आधीच शॉक आतून आपटेल. संपूर्ण गाडीचा धक्का त्या बारीक दांड्यावर आणि चॅसीवरील कानावर येईल. दांडा वाकणे किंवा कान तुटणे, हे त्याचे परिणाम.

यावरचा उपाय बम्प स्टॉप २५ मिलिमीटरने खाली आणण्याचा. मग तो ३६५ वर थांबवेल आणि १० मिलिमीटरची फट कायम राहील. उंचावलेल्या स्थितीतून वर येण्यासाठी १३५ मिलिमीटर उरतात. मूळ गाडीत ते ११० होते. म्हणजे यात तोटा काही नाही. तरीही उंच केलेल्या अनेक गाड्यांमध्ये शॉक बदलले जातात आणि बम्प स्टॉप तसेच राहतात.

खाली जाण्याच्या बाजूलाही मर्यादा असते. लांब शॉकमुळे ॲक्सल फार खाली गेला, तर ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, चाकाच्या वेगाचा अंदाज घेणाऱ्या एबीएसच्या तारा तुटू शकतात, गुंडाळीची स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते. स्वतंत्र निलंबनाच्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढून रबरी आवरण फाटते. म्हणून चॅसी जॅकवर घेऊन चाके मोकळी सोडावीत, नळ्या-तारा कोठवर पुरतात ते पाहावे आणि त्या मर्यादेच्या आतच शॉकची ताणलेली लांबी ठेवावी.

वरील उदाहरणात शॉक उभा धरला आहे. प्रत्यक्षात तो तिरका असतो. ३० अंशांनी कललेल्या शॉकचा चाकापाशी मिळणारा प्रभाव उभ्या शॉकच्या सुमारे ७५ टक्के, तर ४५ अंशांवर निम्माच राहतो. चॅसीवर नवे कान जोडून शॉक आडवा करणाऱ्या कामात ही हानी हमखास होते.

कडक की मऊ?

शॉकचा कडकपणा गाडीच्या उंचीवर ठरत नाही. तो ठरतो स्प्रिंगच्या ताकदीवर, स्प्रिंगवर असलेल्या वजनावर आणि चाक-टायरच्या वजनावर. स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक केली आणि वजन तेच राहिले, तर पूर्वीइतकाच आटोपशीरपणा राखण्यासाठी अवमंदन सुमारे १० टक्क्यांनी वाढवावे लागते. कारण हे नाते वर्गमुळाचे आहे. मूळ स्प्रिंगवर नुसता स्पेसर ठेवला असेल, तर कडक शॉकची मुळीच गरज नसते. गरज असते ती योग्य लांबीची.

शॉक दोन दिशांनी काम करतो. आकुंचनाच्या वेळी तो चाकाची वर येण्याची गती रोखतो, तर प्रसरणाच्या वेळी स्प्रिंगची उसळी आवरतो. बहुतेक गाड्यांमध्ये प्रसरणाचा रोध आकुंचनाच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो. आकुंचनाचा रोध फार वाढवला तर प्रत्येक दगड पाठीच्या कण्याला जाणवतो. प्रसरणाचा रोध फार वाढवला तर त्याहून फसवा दोष निर्माण होतो. ओळीने आलेल्या खड्ड्यांवर स्प्रिंग पूर्ण सुटण्याआधीच पुन्हा दबते आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. चालकाला वाटते स्प्रिंग कमजोर आहे; वस्तुतः शॉक अतिकडक असतो.

लोखंडी बंपर, विंच, छतावरील कॅरिअर, जादा चाक यांचे वजन कायम गाडीवर राहणार असेल, तर ते विक्रेत्याला आधी सांगावे. पुढील बंपर व विंच मिळून साठ-सत्तर किलोंची भर सहज पडते, तीही पुढच्या ॲक्सलच्या पुढे. अशा गाडीत पुढचे आणि मागचे शॉक वेगवेगळ्या भारगटातले लागतात. 'एक्स्ट्रा हेवी' हे सर्वांत महाग असते म्हणून सर्वांत चांगले, असा अर्थ लावून रिकाम्या गाडीला ते बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे.

ट्विन ट्यूब, मोनोट्यूब की वेगळी टाकी?

बाजारात प्रामुख्याने दोन घडणी आढळतात. ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतील नळीत दट्ट्या चालतो, बाहेरच्या नळीत तेलाचा साठा असतो. काहींत वर साधी हवा, तर काहींत साधारण ७ ते १० बार दाबाचा नायट्रोजन असतो. बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी दट्ट्याचे काम चालू राहते आणि किंमतही आटोक्यात असते. दोष असा की, सतत खडखडाटी रस्त्यावर तेल तापते, त्यात फेस होतो आणि रोध कमी होतो. तसेच हा शॉक उलटा बसवता येत नाही.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी. तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यात तरंगता दट्ट्या असतो. फ्रेंच अभियंता ख्रिश्चन बूर्सिए द कार्बाँ यांच्या नावाशी जोडलेली ही रचना जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने पन्नासच्या दशकात मोटारींसाठी प्रचलित केली. यात फेस होत नाही, उष्णता एकाच भिंतीतून थेट बाहेर जाते आणि दट्ट्याही मोठा बसतो. ३५ ऐवजी ४६ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन पट होते. मात्र नळीवर दगड आदळून पोचा पडल्यास दट्ट्या अडकतो. शिवाय वायूला जागा लागत असल्याने दबलेली लांबी तुलनेने जास्त असते. वरच्या उदाहरणातील गणित येथे अधिक काटेकोरपणे करावे लागते.

स्वतंत्र टाकी, अर्थात रिमोट रिझर्व्हायर असलेल्या शॉकमध्ये वायू वेगळ्या डब्यात ठेवून ही जागा वाचवली जाते आणि तेलाचे प्रमाण वाढते. वाळवंटी शर्यती किंवा दिवसभराच्या खडतर प्रवासात त्याचा उपयोग आहे. महिन्यातून एकदा धोदाणीपर्यंत जाणाऱ्याला बहुधा नाही. फिरवून कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकही मिळतात. मात्र ती कळ योग्य प्रकारे वापरण्याची तयारी नसेल, तर तो खर्च व्यर्थ ठरतो.

कोकणचा पाऊस आणि चिखल

पनवेल परिसरात पावसाळ्याचे चार महिने शॉकची खरी परीक्षा घेतात. लाल-काळा चिखल दांड्यावर सुकतो आणि दांडा आत जाताना सील खरवडतो. दांड्यावरील क्रोमच्या मुलाम्यावर गंजाचा एक ठिपका पडला, तरी तो कानशीसारखे काम करतो. म्हणून चिखलातून आल्यावर दांडा साध्या पाण्याने धुवावा. उच्च दाबाचा फवारा थेट सीलवर मारू नये. रबरी आवरण दगडांपासून संरक्षण देते, पण तळाला निचऱ्याचे छिद्र नसल्यास तेच चिखल साठवून ठेवते. अलिबाग-मुरूडकडील खाऱ्या हवेत वारंवार जाणाऱ्या गाडीसाठी जस्ताचा किंवा चांगल्या रंगाचा मुलामा असलेले शॉक घेणे हिताचे.

पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा जास्त टिकतात, मात्र वळताना कमी लवचीक असतात. ॲक्सल खूप तिरका होणाऱ्या गाडीत ते शॉकच्या कड्यांवर ताण आणतात, पाणी-चिखल गेल्यावर करकरतात. रोजच्या वापराच्या गाडीला रबरी बुश अधिक सोयीचे.

गाडीगणिक वेगळा विचार

मूळ जीपच्या वंशातील गाड्या व जिप्सी यांत पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे असतात. शॉक स्वतंत्र असल्याने बदलणे सोपे. पाट्यांच्या पानांमधील घर्षणही काही अंशी अवमंदन करते. जुने गंजलेले पाटे काढून नवे, गुळगुळीत पाटे घातल्यावर त्याच शॉकवर गाडी अधिक उसळू लागते, ती त्यामुळेच.

जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीत दोन्हीकडे अखंड ॲक्सल व गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत. उंची वाढवल्यावर पुढील चाकांचा कॅस्टर कोन कमी होतो आणि गाडी वेगात भरकटल्यासारखी वाटते. ॲक्सलला आडवे धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. हे दोष शॉकने जात नाहीत. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश आणि कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. स्टिअरिंग थरथरते म्हणून कडक शॉक किंवा स्टिअरिंग डॅम्पर लावणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय.

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारला पुढे डबल विशबोन पद्धतीचे स्वतंत्र निलंबन असून स्प्रिंग शॉकभोवतीच बसवलेली आहे. मागे गुंडाळीच्या स्प्रिंगचा अखंड ॲक्सल आहे. पुढे शॉकचे खालचे टोक चाकापासून आतल्या बाजूला असल्याने त्याची हालचाल चाकाच्या हालचालीपेक्षा कमी असते. हे प्रमाण ०.६ असेल, तर वरच्या बैठकीवर ठेवलेला १० मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी जवळजवळ १७ मिलिमीटर होतो. दोन इंच उंचीसाठी दोन इंचांचा स्पेसर मागणाऱ्याला त्यामुळे अपेक्षेहून कितीतरी जास्त उंची आणि धोकादायक कोन मिळतात. शिवाय येथे स्प्रिंग दाबून ठेवूनच शॉक सुटा करावा लागतो. योग्य अवजाराशिवाय हे काम जिवावर बेतू शकते.

खरेदी करताना

शॉक ॲब्सॉर्बरच्या बाबतीत महाराष्ट्र उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण व नाशिक येथे आहेत. मूळ उंचीच्या गाडीसाठी कंपनीने दिलेले किंवा त्याच दर्जाचे देशी शॉक पुरेसे ठरतात. उंचावलेल्या गाड्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचे ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, जर्मनीचे बिलस्टाइन, अमेरिकेचे फॉक्स अशी परदेशी नावे वितरकांमार्फत मिळतात. सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला आहे. जुन्या २८ टक्क्यांच्या हिशेबाने दर सांगितला जात असल्यास विचारणा करावी.

खोक्यावरील नावापेक्षा शॉकवर कोरलेला भाग क्रमांक महत्त्वाचा. त्यावरून दबलेली-ताणलेली लांबी, कड्यांचा प्रकार आणि भारगट उत्पादकाच्या तक्त्यात तपासता येतो. 'दोन ते चार इंच उंचीसाठी' असे मोघम लिहिलेला शॉक दोन इंचांना लांब आणि चारला आखूड पडू शकतो. टाकाऊ गाडीतून काढलेले शॉक कितीही चकचकीत दिसले तरी घेऊ नयेत. आतील झडपांची झीज बाहेरून दिसत नाही. दुरुस्त करता येणारे महाग शॉक घ्यायचे, तर सील व तेल बदलून देणारे कोणी जवळपास आहे का, हे आधी पाहावे. अन्यथा प्रत्येक गळतीला ते बंगळुरू किंवा परदेशात पाठवण्याची वेळ येते. पक्के बिल घ्यावे आणि एका ॲक्सलवरील दोन्ही शॉक एकाच वेळी बदलावेत.

जुना शॉक खरोखर गेला आहे का, हेही तपासावे. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची पद्धत कडक स्प्रिंगच्या गाडीत भरवशाची नाही. नळीवर तेलाचा पातळ ओलावा असणे सामान्य. थेंब ओघळणे म्हणजे गळती. टायरच्या कडेला ठराविक अंतरावर खोलगट झीज, ब्रेक लावताना नाक खूप खाली जाणे, चालवल्यानंतर एक शॉक गरम आणि दुसरा थंड असणे, ही अधिक खात्रीची लक्षणे आहेत. थंड राहिलेला शॉक काम करत नसतो.

बसवताना आणि त्यानंतर

ट्विन ट्यूब शॉक आडवा ठेवलेला असतो. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणून-दाबून आतील हवा वर आणावी. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. त्यानंतर एक चाक उंचवट्यावर चढवून शॉक, नळ्या, तारा आणि टायर कोठे घासतात का ते पाहावे. व्हील अलाइनमेंट करावे, दिव्यांचा झोत खाली आणावा. उंचावलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

उत्तम शॉक बसवला तरी पदार्थविज्ञानाचे नियम बदलत नाहीत. दोन चाकांतील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५० मिलिमीटर उंचीवर असल्यास स्थैर्याचा अंक १ येतो. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने वर गेला की तो सुमारे ०.९४ होतो. म्हणजे उलटण्याविरुद्धची मुभा सहा टक्क्यांनी घटते. खंडाळ्याच्या घाटातील वळणावर हा फरक क्षुल्लक नसतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हा मुद्दा अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा शॉक बसवणे ही दुरुस्ती आहे. गाडीची ठेवणच बदलणारी उंची हा वेगळा विषय आहे. पनवेलच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याची आधी चौकशी करणे शहाणपणाचे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडथळा ठरू शकतो आणि नव्या गाडीच्या निलंबनावरील हमीही वादात पडते.

पावसाळ्यात गाढेश्वर, पांडवकडा अशा ठिकाणी प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. गाडी उंच आहे म्हणून ते आदेश लागू होत नाहीत असे नाही आणि वाहत्या पाण्याला शॉकची किंमत कळत नाही.

थोडक्यात महत्त्वाचे

उंची कोणत्या पद्धतीने वाढली ते नोंदवा. बॉडी लिफ्टला लांब शॉक लागत नाही.

स्थिर, पूर्ण दबलेली आणि पूर्ण लोंबकळलेली, अशी तीन मापे स्वतःसमोर घ्यायला लावा.

शॉक आतून आपटण्याआधी बम्प स्टॉप आणि नळ्या ताणल्या जाण्याआधी शॉक थांबला पाहिजे.

कडकपणा स्प्रिंग व कायमच्या वजनानुसार निवडा, उंचीनुसार नव्हे.

भटकंती अधूनमधून आणि महामार्ग रोजचा असेल, तर कमी उंची व चांगल्या ट्विन ट्यूब किंवा साध्या मोनोट्यूब शॉकवर समाधान माना.

खर्चात बम्प स्टॉप, ब्रेक नळी, अलाइनमेंट यांची तरतूद आधीच धरा. ती परवडत नसेल, तर गाडी मूळ उंचीवर ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित आणि कायदेशीर पर्याय आहे.